पाणउतारा

नेव्हिल स्टॅनिफोर्थ रिव्हलिनच्या काठाने पुढे चालतो.
छत्री नाही, काठी नाही, खिशात दोन उकडलेली अंडी.
मध्येच वळून म्हणतो, "एकशे बारावी ओळ तुझी ना?
ते कुलूप दोनदा उघडणारी?"
हो. मीच ती.

नऊ वर्षं झाली. फेब्रुवारी होता, रात्रीचे पावणेदोन.
माझ्या पॅचखाली त्याने लिहिलं होतं,
'हे ज्याने लिहिलंय त्याला कीबोर्डपासून लांब ठेवा,
लहान मुलांपासून कात्री ठेवतात तसं.'
सतरा जणांनी वाचलं. चौघांनी अंगठा वर केला.
मी टेबलाखाली शिरून बराच वेळ
चार्जर शोधत राहिले.
चार्जर हातातच होता.

आणि तो बरोबर होता, दुखणं हेच.
कुलूप खरंच दोनदा उघडत होतं.
कुठल्याशा इस्पितळात, सलाइनच्या पंपात,
तो कोड मध्यरात्री अडकला असता तर?
तर माझा अपमान कुणाच्या पायाशी ठेवायचा होता?
म्हणून मी गप्प बसले. दुरुस्त केलं. परत पाठवलं.
'ठीक,' एवढंच आलं.
त्या 'ठीक'वर मी तीन वर्षं काढली.

"आमच्याकडे याला खरडपट्टी म्हणतात," मी सांगते,
"आणि पाणउतारा. माणसाचं पाणी उतरवणं."
"पाणी?"
"पात्याला देतात ना, ते."

हे त्याला झटकन कळतं. शेफील्डचा आहे.
खापरपणजोबा इथेच, या पडक्या भिंतींच्या जागी,
चाकावर वाकून जेवणाचे काटे घासायचा.
सुऱ्यांना चाक ओलं ठेवत, काट्यांना कोरडं.
"कोरड्यावर काम भराभर उरकतं," नेव्हिल म्हणतो,
"फक्त धूळ. निम्मी दगडाची, निम्मी पोलादाची.
तिशीत गेला. शेजारच्या चाकावरचा अठ्ठाविसाव्या वर्षी."
अंडं सोलतो. टरफलं खिशात टाकतो, एकेक, न सांडता.

मी थांबते. वाटतं, आता ऐकू येईल याला
आपण काय बोललो ते.
तो दगडावरचं शेवाळ बुटाने खरवडतो.
"महिन्याला चारशे पॅच यायचे. मी एकटा.
गोड बोलायला वेळ कुठून आणायचा?"

"ते कात्रीचं वाक्य आठवतं?" मी विचारते.
"कसली कात्री?"
नाटक नाही. कपाळाला खरीखुरी आठी.
त्याला ओळ आठवते, तिचा आकडा आठवतो,
व्हेरिएबलचं मी ठेवलेलं बावळट नावसुद्धा.
वाक्य तेवढं गेलंय वाहून.
मी मात्र ते नऊ वर्षं, तीन घरं बदलताना,
काचेच्या भांड्यांबरोबर जपून नेलेलं.

रागवायचं ठरवून आले होते.
मनात जुळणी चालू होती,
पहिलं वाक्य तर अगदी धारदार झालं होतं.

पण मे महिन्यापासून चाव्या माझ्याकडे आहेत.
ॲबरिस्टविथचा एक पोरगा, इडवाल प्रिदर्च.
जूनमध्ये तीन पॅच आले त्याचे. जुलैत एक.
मग नाहीच.
आठवतं ना मला. चाळिसावी ओळ.
मेमरी घेतली होती, सोडली नव्हती.
मीच पकडलं ते, घाईत, दोन मीटिंगांच्या मध्ये,
आणि खाली काहीतरी लिहिलं.
काय लिहिलं?

फोन काढते. या दरीत रेंज नाही.
हात उंच करून पाहते, पुलावर जाऊन पाहते.
चाळीस. मेमरी. सोडली नव्हती.
पुढचं काही केल्या आठवत नाही.

खाली धरणाच्या फुटक्या दारातून पाणी पडतंय,
फिरवायला चाक नसलेलं.
नेव्हिल दुसरं अंडं पुढे करतो.
सोललेलं.